मांजराचा मधुमेह इन्सुलिनला दाद देत नाही तेव्हा: पिट्युटरीच्या गाठीचं निदान कसं करायचं? (नाशिक)

पशुवैद्य गंगापूर रोड | रविवार, रात्री ९:१०

नऊ-दहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. दिवसातून दोनदा इन्सुलिन. डोस एका युनिटापासून चढत सात युनिटांवर गेलेला, तरी साखर ४०० च्या खाली उतरत नाही. वजन मात्र चार महिन्यांत अर्ध्या किलोनं वाढलेलं. असा केसपेपर समोर आला की आठवं युनिट लिहिण्याआधी थांबावं. ताब्यात नसलेल्या मधुमेहात मांजर खंगतं. ते अंगानं भरत असेल तर मधुमेहाला मागून कुणीतरी रेटतंय, आणि मांजरांत तो रेटा बऱ्याचदा मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याहून लहान पिट्युटरी ग्रंथीतून येतो.

या ग्रंथीतल्या ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ झाली की ते हार्मोन रक्तात सतत पाझरत राहतं. ते एकीकडे इन्सुलिनचं काम अडवतं, दुसरीकडे यकृताकडून आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवून घेतं. त्या आयजीएफ-१ मुळे जबडा, पंजे, जीभ, टाळू, हृदय, मूत्रपिंडं सगळं जाड होत जातं. जुनं नाव ॲक्रोमेगाली. आता हायपरसोमॅटोट्रोपिझम म्हणतात, कारण कित्येक मांजरांचा चेहरा बदलतच नाही.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं २०१५ मध्ये १,२२१ मधुमेही मांजरांच्या तपासणीचे निकाल प्रसिद्ध केले. २६ टक्के मांजरांत आयजीएफ-१ हजाराच्या (नॅनोग्रॅम प्रति मिली) वर, म्हणजे गाठ असण्याची दाट शक्यता दाखवणारं होतं. त्या मांजरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी या गाठीचा दाट संशय होता फक्त २४ टक्क्यांना. स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये नंतर झालेल्या तशाच तपासणीत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे रुंद तोंडाची वाट बघत बसलो तर बहुतेक केस हातून सुटणार.

धागा काढायचं कारण एवढंच की आपल्याकडे लोक एकदम सीटी स्कॅनवर उडी मारतात, नाहीतर काहीच न करता युनिटं वाढवत राहतात. मधला क्रम इथे नीट लिहून ठेवू. जाणकारांनी भर घालावी.

---

सुईदोरा | रविवार, रात्री १०:२५

क्रमात पहिलं नाव सिरिंजचं हवं, डॉक्टर.

औषधाच्या दुकानात दोन्ही मिळतात, लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी टोपणाची १०० ची. माणसांच्या साध्या इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे बहुतेक ४० च्या असतात, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. ग्लार्जिन हे लांब टिकणारं इन्सुलिन १०० चं. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये भरलं तर ५ च्या खुणेला प्रत्यक्षात २ युनिटच जातात, आणि कागदावर मांजर इन्सुलिनला दाद न देणारं ठरतं. उलटी चूक जिवावर बेतते: ग्लार्जिन ४० च्या सिरिंजमध्ये २ च्या खुणेपर्यंत घेतलं तर ५ युनिट गेले. म्हणून तपासायला जाताना बाटली आणि वापरलेली सिरिंज दोन्ही सोबत न्या, नुसतं तोंडी सांगू नका.

मग बाटली. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ झालं की टाकून द्यायचं. एनपीएच हे दुसरं इन्सुलिन मुळातच दुधट असतं, ते तळहातांत हलकं घोळवायचं, खळाखळा हलवायचं नाही. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं, पण कामातून गेलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गाडीत अर्धा तास राहिलेल्या बाटलीवरही भरवसा ठेवू नये.

टोचताना केस ओले लागले तर औषध कातडीखाली न जाता केसांत गेलं. रोज एकाच जागी टोचून गाठी झाल्या असतील तर तिथून ते नीट शोषलं जात नाही, बगल बदला.

हे सगळं ठीक असेल तर घरी साखरेचा आलेख काढा. सकाळच्या खाण्याआधी एक, मग इन्सुलिन, मग दर दोन तासांनी असं बारा तास. कानाच्या कडेला गरम पाण्यात पिळलेलं फडकं मिनिटभर धरायचं, व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, आणि कडेची शीर व कानाची कड यांच्या मधे टोचायचं. थंडीत कान गार असतात, रक्त येत नाही म्हणून लोक दोन-तीनदा टोचतात आणि मांजर बिथरतं. मग ती साखर भीतीची असते.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. चालेल, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच यंत्र वापरा. फ्रीस्टाईल लिब्रेचा अंगावर चिकटवायचा सेन्सर ४० ते ५०० पर्यंत मोजतो, ५०० च्या वर नुसतं 'हाय' येतं. नावाला १४ दिवसांचा आहे, मांजराच्या अंगावर बऱ्याचदा आधीच सुटतो.

आलेख वाचताना एक फरक ध्यानात घ्या. सगळे आकडे ३८० ते ४५० मध्ये सपाट पडले असतील तर इन्सुलिनला विरोध आहे. चौथ्या तासाला ९० आणि दहाव्याला ४५० असेल तर तो विरोध नाही. डोस जास्त आहे किंवा त्या इन्सुलिनचा असर लवकर संपतोय. दुसऱ्या प्रकारच्या मांजराला पिट्युटरीच्या तपासण्यांत ओढू नका.

---

इगतपुरीकर | रविवार, रात्री ११:०२

सुईदोरा यांच्याशी पूर्ण सहमत. त्यापुढेही आयजीएफ-१ च्या आधी दवाखान्यात होणाऱ्या गोष्टी आहेत.

तोंड उघडून बघा. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या एकट्यानं साखर चढती ठेवू शकतात. लघवी सुईनं थेट मूत्राशयातून घेऊन कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) लावा. मधुमेही मांजराच्या लघवीत जंतू असूनही साध्या तपासणीत पू-पेशी दिसत नाहीत, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबू नये. स्वादुपिंडाची सूज, सात वर्षांवरच्या प्रत्येक मांजराचं टी-४ (थायरॉइडचं हार्मोन), मूत्रपिंडाचे आकडे, हे झालंच पाहिजे.

आणि औषधांची चौकशी. खाजेसाठी कधी दिलेलं लांब टिकणारं स्टेरॉइड इंजेक्शन कित्येक आठवडे इन्सुलिनला अडवतं. मादीला माज येऊ नये म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मेजेस्ट्रॉलच्या गोळ्या दिल्या जातात, त्यांचाही हाच परिणाम. घरचे हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते जुनं आणि संपलेलं असतं. थेट नाव घेऊन विचारा.

---

अबोली | सोमवार, सकाळी ८:१५

माहिती: बोका, ८ वर्षं, ६.१ किलो. ग्लार्जिन ४.५ युनिट दोनदा, १०० च्या सिरिंजनं. आलेख सपाट, सगळे आकडे ३५० च्या वर. कल्चर स्वच्छ, टी-४ नॉर्मल, दात ठीक, स्टेरॉइड कधीच नाही. झोपेत घोरतो. चेहरा नेहमीसारखाच वाटतो. इन्सुलिन सुरू करून तीन आठवडे झालेत. आयजीएफ-१ आत्ताच पाठवावं का?

---

परीक्षानळी | सोमवार, सकाळी १०:४०

अबोलीताई, अजून तीन ते पाच आठवडे थांबा.

कारण असं. यकृताला ग्रोथ हार्मोनची हाक ऐकू यावी लागते, आणि ती ऐकणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर पुरेसे तयार व्हायला यकृताकडे जाणाऱ्या रक्तात इन्सुलिन लागतं. नव्या, उपचार न झालेल्या मधुमेहात ते तिथे नसतं. म्हणून गाठ असूनही आयजीएफ-१ खोटं कमी येतं. इन्सुलिन सुरू होऊन ६ ते ८ आठवडे झाल्यावरचा नमुना खरा मानायचा. घाईत केलेली तपासणी नॉर्मल आली की गाठ नाही असा शिक्का बसतो आणि पुढचं वर्षभर तो कुणी पुसत नाही. मांजर जेवत नसेल, फार खंगलं असेल किंवा यकृताचा आजार असेल तरीही आकडा खाली येतो.

नमुन्याचं: साध्या लाल झाकणाच्या नळीत २ मिली रक्त, त्यातून पाऊण ते एक मिली सिरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) निघतं. सकाळच्या खाण्याआधी घ्या, नाहीतर मधुमेही मांजराचं सिरम दुधासारखं येतं. अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, सिरम लगेच वेगळ्या नळीत काढा. रक्ताच्या गाठीवर तसंच ठेवून कुरिअर करू नका. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक घालून सोमवार-मंगळवारी पाठवा. शुक्रवारी निघालेला डबा रविवारभर कुठेतरी पडून राहतो.

आता आकडा. रेडिओइम्युनोॲसे (किरणोत्सर्गी खुणेनं हार्मोन मोजायच्या) पद्धतीत १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर आलं तर गाठ असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात. ८०० ते १,००० ही मधली पट्टी, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करायची. एकक नक्की बघा. काही अहवाल नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येतात, त्यात १,००० म्हणजे सुमारे १३१. एकदा १३१ हा आकडा नॅनोग्रॅम समजून वाचला की चक्क आजारी मांजर निरोगी ठरतं.

माणसांच्या लॅबमध्ये करायचं असेल तर दोन गोष्टी विचारा. मांजराचं आणि माणसाचं आयजीएफ-१ इतकं सारखं आहे की किट ते मोजतं, पण रक्तात ते दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्या प्रथिनांपासून ते सोडवून घेण्याची पायरी नसलेली पद्धत गडबड करते. आणि अहवालावर छापलेली नॉर्मल मर्यादा माणसाच्या वयाप्रमाणे असते, ती मांजराला लावायची नाही. यंत्रानं वरच्या टोकाला 'पेक्षा जास्त' एवढंच छापलं तर सिरम पातळ करून पुन्हा मोजायला सांगा. दुसऱ्यांदा करताना लॅब तीच ठेवा.

---

पशुवैद्य गंगापूर रोड | सोमवार, दुपारी २:३०

घोरणं नोंदवलंत हे फार चांगलं केलंत. टाळूचा मऊ भाग जाड झाला की श्वासाला तसा आवाज येतो. झोपेतला आवाज फोनवर रेकॉर्ड करून दाखवा, दवाखान्याच्या टेबलावर मांजर घोरत नाही.

चेहऱ्याबद्दल: रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोटो काढा आणि त्याच कोनातून, तोंड मिटलेलं असताना, एका बाजूनं नवा फोटो घ्या. खालचा जबडा पुढे आलाय का बघा. खालचा सुळा मिटल्या तोंडात वरच्या सुळ्याच्या थोडा पुढे असतोच. ते अंतर वाढलंय का, खालच्या पुढच्या दातांमध्ये फटी पडल्यात का, हे महत्त्वाचं. गळपट्ट्याचं भोक बदलावं लागलं का? पंजे रुंद झालेत का? मागचे पाय टाचेवर टेकून चालत असेल तर ते बहुतेक मधुमेहानं नसांना झालेलं नुकसान, त्यावरून गाठ ठरवू नये.

पोटावरून चाचपताना मूत्रपिंडं मोठी लागतात. हृदयाला घोड्याच्या टापांसारखा तिसरा ठोका असू शकतो. रक्तात फॉस्फरस वाढलेला, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ठीक, आणि एकूण प्रथिनं थोडी जास्त, असं एकत्र आलं तर माझा संशय वाढतो.

युनिटांच्या आकड्यावरही फार विसंबू नका. किलोमागे दीड-दोन युनिटांच्या वर दर वेळी लागत असेल तर विरोध म्हणतात हे खरं, पण ही गाठ असलेली काही मांजरं दोन-तीन युनिटांवरही असतात, काहींना वीस पुरत नाहीत.

---

इगतपुरीकर | सोमवार, रात्री ९:४५

मग प्रत्येक मधुमेही मांजराचं आयजीएफ-१ करायचं का? माझं मत नाही. साखर छान उतरतेय, वजन स्थिर आहे, तिथे घरच्यांचा पैसा आलेख आणि दातांवर जाऊ दे. आणि निदान झालं तरी पुढे काय? पिट्युटरी काढण्याची शस्त्रक्रिया लंडन, उट्रेख्ट अशा मोजक्या ठिकाणी नेमानं होते.

---

पशुवैद्य गंगापूर रोड | सोमवार, रात्री १०:५०

पहिल्या मुद्द्यावर आपलं जमणार नाही. सहा-आठ आठवडे इन्सुलिन झालेल्या प्रत्येक मांजराचं एकदा करावं असंच मी सुचवतो, कारण चांगलं उतरणाऱ्यांतही ही गाठ निघते.

दुसरा मुद्दा रास्त आहे, पण त्याचं उत्तर शस्त्रक्रियेपुरतं नाही. लंडनच्या कॉलेजनं २०२१ मध्ये ६८ मांजरांच्या शस्त्रक्रियांचे निकाल दिले: ५८ पहिल्या चार आठवड्यांपलीकडे जगली, त्यातल्या ४१ चं इन्सुलिन सुटलं. ते नाशिकच्या घराला परवडणार नाही हे मान्य. तरी निदानानं इथेच तीन गोष्टी बदलतात. एक, हृदय आणि रक्तदाब वेळेत तपासला जातो. दोन, मांजराची भूक आटोक्यात येणार नाही हे कळतं आणि घरचे स्वतःला किंवा डॉक्टरला दोष देणं थांबवतात. तीन, आणि हे सर्वांत मोठं: या गाठीतून ग्रोथ हार्मोन रोज सारखं सुटत नाही. १५ युनिटांवर असलेल्या मांजराचा विरोध एखाद्या दिवशी सैल पडतो, आणि तेच १५ युनिट साखर तळाला नेतात. हे माहीत असलेला डॉक्टर डोस सरसकट चढवत नाही आणि घरात ग्लुकोज ठेवायला सांगतो. कॅबर्गोलिन गोळी काही मांजरांत वापरून बघतात, गुण सगळ्यांना येत नाही.

---

तपोवन | मंगळवार, सकाळी ७:५०

कुशिंगही (मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त सुटण्याचा आजार) पिट्युटरीच्या गाठीनंच होतं ना? मग दोन्हींत फरक कसा करायचा?

---

पशुवैद्य गंगापूर रोड | मंगळवार, दुपारी १:२०

बरोबर. मांजराच्या कुशिंगपैकी ८० टक्क्यांच्या आसपास पिट्युटरीतून, बाकीचं ॲड्रिनलच्या गाठीतून. तेही मांजर बहुतेक मधुमेही असतं, पण अंगकाठी वेगळी. ते भरत नाही, ओसरतं. पोट लोंबतं, पाठीचे स्नायू जातात, केस विरळ होतात आणि कातडी इतकी पातळ होते की मानगूट धरली तरी फाटते. अशा मांजराला टेबलावर दाबून धरायचं नाही, सुई टोचतानासुद्धा जपून.

गाळणी म्हणून सकाळच्या लघवीतलं कॉर्टिसोल आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर. लघवी घरीच, दोन वेगवेगळ्या दिवशी. माशांच्या टाकीची बारीक खडी धुऊन वाळवून ट्रेमध्ये टाकली तर लघवी शोषली जात नाही, खाली साचते. दवाखान्याच्या फेरीनंतर दोन दिवस तरी जाऊ द्या, भीतीनं कॉर्टिसोल वाढतं. हे गुणोत्तर नॉर्मल आलं तर कुशिंग जवळजवळ बाद. वाढलं तर मात्र निदान झालं असं नाही, कुठल्याही आजारपणात ते वाढतं.

पक्कं करायला डेक्सामेथासोनची तपासणी: हे स्टेरॉइड दिलं की निरोगी मांजराचं कॉर्टिसोल दबतं. इथे चूक फार होते: कुत्र्याचा डोस किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मांजराचा त्याच्या दहापट, ०.१ मिलिग्रॅम, शिरेतून. रक्त आधी, चार तासांनी आणि आठ तासांनी. आठव्या तासाला कॉर्टिसोल साधारण १.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दबलं पाहिजे, लॅबची स्वतःची मर्यादा असेल तर ती धरा. एसीटीएच (ॲड्रिनलला चेतवणारं पिट्युटरीचं हार्मोन) देऊन करायची तपासणी मांजरात बरीच कुशिंग चुकवते, तिच्यावर पैसे घालवू नका.

सोनोग्राफीत दोन्ही ॲड्रिनल सारख्या फुगलेल्या दिसल्या तर बोट पिट्युटरीकडे, एकच मोठी आणि दुसरी बारीक असेल तर त्या मोठीकडे. पण ॲक्रोमेगालीतही दोन्ही ॲड्रिनल मोठ्या होतात, म्हणून सोनोग्राफी एकटी निकाल देत नाही. क्वचित एकाच मांजरात दोन्ही हार्मोनं जास्त निघाली आहेत.

---

काळी फिल्म | मंगळवार, रात्री ८:१५

स्कॅनबद्दल मी लिहितो.

हार्मोनच्या आकड्यानं गाठीची क्रिया कळते. स्कॅननं तिचं आकारमान आणि ती कुठवर गेली ते कळतं. दोन्ही लागतात, पण आधी रक्त. मांजराची पिट्युटरी उंचीला सुमारे ३ मिलिमीटर असते, ४ च्या वर गेली की मोठी म्हणायची. म्हणजे निदान एका मिलिमीटरच्या फरकावर अवलंबून आहे. म्हणून सीटीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहावं: काप १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, कवटीपुरतं लहान क्षेत्र, कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून द्यायच्या, चित्र उठावदार करणाऱ्या औषधाच्या) आधी आणि नंतर, हाड व मऊ ऊती दोन्हींची चित्रं. नुसतं 'ब्रेन सीटी' लिहिलं की माणसाच्या डोक्याचे ५ मिलिमीटर जाडीचे काप घेतले जातात, आणि अख्खी ग्रंथी दोन कापांच्या मधे हरवते. अहवालात 'नॉर्मल' येतं.

कॉन्ट्रास्ट: ३०० च्या (मिलीत ३०० मिलिग्रॅम आयोडीन) आयोहेक्सॉलचा किलोला २ मिली, शिरेतून. साडेपाच किलोच्या मांजराला ११ मिली. त्याआधी क्रिएटिनिन बघितलेलं असावं आणि मांजर पाण्याअभावी सुकलेलं नसावं. मांजर पालथं, हनुवटीखाली उशी, डोकं सरळ. डोकं जरा वाकडं राहिलं तर उजवी-डावी बाजू जुळत नाही आणि गाठ नसताना फुगवटा दिसतो.

पिट्युटरी ज्या खोबणीत बसते तिला शास्त्रात तुर्की खोगीर म्हणतात, आणि आकार खरंच खोगिरासारखा आहे. मांजरात त्या खोबणीवरचं छत अपुरं असतं, म्हणून गाठ वाढली की हाड न फोडता वर मेंदूकडे चढते. उंची मोजायची ती याचसाठी.

एमआरआय लहान गाठींना जास्त चांगला. त्यातलं कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियम, किलोला ०.२ मिली, म्हणजे पाच किलोला १ मिली. वेळ जास्त, भूल जास्त. हार्मोन स्पष्ट जास्त असूनही थोड्या मांजरांत स्कॅन निर्मळ येतो. तेव्हा गाठ नाही असं म्हणू नये, दिसण्याइतकी मोठी नाही असं म्हणावं.

आणखी एक. कवटीच्या तळाशी दिसणारी प्रत्येक गाठ पिट्युटरीची नसते. मांजराच्या मेंदूत सर्वाधिक सापडते ती मेनिंजिओमा, मेंदूच्या आवरणाची गाठ. हार्मोनचे आकडे शांत असतील आणि मांजर गोल फिरत असेल, एकाएकी आंधळं झालं असेल, फिट येत असेल तर मन मोकळं ठेवून चित्र वाचायला हवं. हार्मोन न बनवणारी पिट्युटरीची गाठही असते.

---

तपोवन | मंगळवार, रात्री ८:५०

कुत्र्यांत पिट्युटरीची उंची भागिले मेंदूचं क्षेत्रफळ असं गुणोत्तर काढतात. ते चालेल का?

---

काळी फिल्म | मंगळवार, रात्री ९:०५

नाही. ती मर्यादा कुत्र्याच्या कवटीवरून ठरलेली आहे. मांजरात सरळ उंची मिलिमीटरमध्ये.

---

भूलवैद्य | बुधवार, सकाळी ११:३०

या मांजराला भूल देण्याआधी हृदयाची सोनोग्राफी हवीच. डाव्या कप्प्याची भिंत ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर सलाईन हात राखून द्यायचं, नाहीतर फुप्फुसात पाणी साठतं. रक्तदाब डॉप्लरनं पाच-सहा वेळा मोजून सरासरी, १६० च्या वर असेल तर आधी तो आणा खाली.

घसा अरुंद असतो. जीभ आणि टाळू जाड, म्हणून नेहमी बसणारी ४.५ ची श्वासाची नळी जाईलच असं नाही. ३, ३.५, ४ तिन्ही कापून, तपासून हाताशी ठेवा. आधी पाच मिनिटं ऑक्सिजन, स्वरयंत्रावर लिग्नोकेनचा फवारा, मग नळी. मांजराचं स्वरयंत्र घट्ट मिटतं आणि घाई करणाऱ्याला तिथेच घाम फुटतो.

सकाळचं इन्सुलिन नेहमीच्या निम्मं, साखर बघून. उपास सहा-आठ तासांपेक्षा जास्त नको. भुलीत दर अर्ध्या तासाला साखर.

---

अबोली | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ६:२०

आठव्या आठवड्यात पाठवलेलं आयजीएफ-१: १,४६०, रेडिओइम्युनोॲसे, नॅनोग्रॅम प्रति मिली. वजन ६.४. डोस ७ युनिट. जुन्या फोटोशी ताडलं तर खालचा जबडा पुढे आलाय. हृदयाची भिंत ६.२, रक्तदाब १५०. लघवीतलं गुणोत्तर नॉर्मल. सीटी मुंबईत ठरतोय. जाताना काय सांभाळू?

---

पशुवैद्य गंगापूर रोड | शनिवार, रात्री ८:००

निदानाचा मोठा भाग झाला, सीटी आता आकार सांगेल. इतर शहरांतल्या वाचकांसाठी: परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा कुठेही जायचं तरी आधी फोन करून मांजराच्या डोक्याचे पातळ काप आणि भूल दोन्ही एकाच जागी होतील का हे विचारा. नुसतं 'सीटी आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

हृदयाची भिंत जाड असल्याचा कागद भूल देणाऱ्याच्या हाती आदल्या दिवशीच पोहोचवा. सगळे अहवाल एका फाइलमध्ये, वर एका पानावर: वजन, डोस, सिरिंजचा प्रकार, शेवटच्या आलेखाचे आकडे. स्कॅनची सीडी किंवा लिंक मागून घ्या. छापील फिल्मवर मिलिमीटर मोजता येत नाहीत.

---

सुईदोरा | शनिवार, रात्री ८:४०

अबोलीताई, प्रवासाचं माझ्याकडून. रस्त्यानं साधारण १७० किलोमीटर, कसाऱ्याच्या घाटात मांजरं उलटी करतात. इन्सुलिन देऊन मग उलटी झाली तर साखर कोसळते. म्हणून पहाटेचं निम्मं इन्सुलिन घरी न देता तिथे पोहोचून, साखर बघून, भूलवैद्यांना विचारून द्या. बाटली गार पिशवीत, पण जेल पॅक आणि बाटलीच्या मधे रुमालाची घडी हवी. ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी छोट्या सिरिंजमध्ये भरून खिशात ठेवा. डोळे ताठरले, चाल लडखडली तर हिरड्यांवर चोळायचं, घशात ओतायचं नाही.

लिब्रेचा सेन्सर लावलेला असेल तर सीटी किंवा एमआरआयच्या आधी काढून ठेवलेला बरा. त्या दिवसाच्या साखरेसाठी ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि जास्तीचा सेल सोबत असू द्या.

---

अबोली | शनिवार, रात्री ९:१५

सेन्सर आहे, पाठीवर. आदल्या रात्रीच काढते. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. चिठ्ठीवर फक्त 'ब्रेन सीटी प्लेन' लिहिलंय, ती सोमवारी बदलून घेते: १ मिलिमीटर, कॉन्ट्रास्टसह.